पोळ्यापासून की मंडईपासून

माझ्या हातून आयुष्यात जे काही बरं झालं, त्याला मोठं कारण माझी वहिनी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. छापलेल्या कागदात शेवटी लोक फुटाणेच बांधतात, तेव्हा आपलं नाव त्यावर नको, असं तिचं म्हणणं आहे. ती आमच्या घरात आली तेव्हा मी चौथीत होतो आणि आईला जाऊन वर्ष झालं होतं. गाव सानगडीजवळचं. तळ्याखाली थोडी धानाची शेती. घरात तोवर सातवीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी मॅट्रिक झालो तेव्हा दादाला वाटलं, हे पुष्कळ झालं. नांगर धरायला तेवढंही लागत नाही. वहिनी त्याच्याशी भांडली नाही. तिने माझी पेटी भरली, दोन शर्ट इस्त्रीसाठी गादीखाली घातले, आणि सकाळी मला भंडाऱ्याच्या एसटीत बसवून आली. दादाला ते बस गेल्यावर कळलं.

कॉलेजच्या वर्षांत ती ड्रायव्हरच्या हाती माझ्यासाठी तांदळाची पिशवी पाठवायची, आणि मी तिला पत्र पाठवायचो. ते पत्र तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. वाचणारा मधलं मधलं गाळतो, असा तिचा संशय होता. म्हणून मी सुट्टीत आलो की ती माझी जुनी पाटी घेऊन चुलीजवळ बसायची. मी बी.ए. झालो त्या वर्षी ती माझं पत्र एकटीने वाचायला लागली. त्यामुळे आमच्या घरातून त्या साली दोन माणसं शिकून बाहेर पडली असं मी धरतो.

नोकरी मला साकोलीला लागली, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात. सत्तरचं दशक सरत आलं होतं. लगेच लग्न झालं. बायको आंबागडची, शेतकऱ्याघरची, माझ्यापेक्षा हुशार आणि माझ्यापेक्षा जास्त हसणारी. आम्ही हायवेजवळ दोन खोल्या घेतल्या. सगळं छान होतं, फक्त मूल होत नव्हतं. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली.

तिची पाळी नियमाने येत नसे. आमच्या गावच्या दुपारच्या एसटीसारखी होती ती. कधी वेळेवर, कधी दोन महिने पत्ता नाही, आणि आली तरी कुठून आली, का थांबली होती, काही सांगायची नाही. सुरुवातीला एकदोनदा पाळी लांबली तेव्हा मी पेढे आणायच्या तयारीत होतो. पुढे मी पेढ्यांच्या दुकानावरून जाताना दुसरीकडे पाहू लागलो. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एका वैद्याने काढा दिला. काढ्याने फक्त तिचं जेवणातलं लक्ष उडालं.

आता मंडईचं सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. त्या दिवशी लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, बाजार भरतो, आणि जेवणं झाली की नाटक. गावातलीच माणसं पात्रं करतात. आमच्या घरी त्या दिवशी पन्नासेक पानं उठत. पहाटेपासून बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, वड्यांची कढई चढायची ती नाटकाचा पडदा वर गेला तरी उतरायची नाही. घरातल्या दोन सुना कढईशी. मी लग्नाच्या आधीपासून दर वर्षी नाटकात काम करत होतो, आणि माझ्या बायकोने लग्नानंतर मला रंगमंचावर एकदाही पाहिलेलं नव्हतं. ती येईपर्यंत मी मरून, निदान तुरुंगात जाऊन, विंगेत बसलेलो असायचो.

त्या वर्षी मला जमीनदाराच्या मुनिमाचं काम होतं. मंडईच्या सकाळी ती मला विहिरीजवळ गाठून म्हणाली, "मी आज बाहेर बसून राहिली."

मी म्हणालो, "आली का?"

"कुठची येते. पोळ्याला आली होती, तवापासून पत्ता नाई. पण बाईले सांगतलं आली म्हणून."

बाई म्हणजे वहिनी, ती तिला तसंच म्हणते. आमच्याकडे पाळी आलेल्या बाईने चार दिवस बाहेर बसायचं. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. तिचं ताट वेगळं, चटई वेगळी. पण नाटक पाहायला मनाई नव्हती. मनाई फक्त चुलीची होती. हा शोध तिने लावला होता. मी घाबरलो, आणि मला गुदगुल्याही झाल्या. लग्नाला पाच वर्षं झालेली बायको आपल्याला मुनीम झालेलं पाहायला एवढं धाडस करते, हे कोणाला आवडणार नाही. ती बायकांत अगदी पुढे चटई टाकून बसली. वहिनीने एकटीने कढई सांभाळली. पुढचे चार दिवस बायको अंगणातल्या पडवीत बसून राहिली आणि खोटं निभवायला पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हालीसुद्धा. मग आम्ही साकोलीला परत आलो.

थंडी पडली. ऑफिसात कामं होती. ती पाळीची वाट पाहत नव्हती, मीही नाही. आम्ही ते सोडून दिलं होतं. संक्रांतीला वहिनी तिळाचे लाडू घेऊन साकोलीला आली. बायकोने लाडवाचा डबा उघडला, वास घेतला, आणि तोंडावर पदर धरून मोरीकडे पळाली. परत आली, डब्याकडे नुसतं पाहिलं, आणि पुन्हा गेली.

वहिनी शांतपणे डब्याला झाकण लावत म्हणाली, "बाबू, उद्या ऑफिसात जाऊ नको."

"काहून?"

"भंडाऱ्याले जाऊ. डाक्टरीणबाईकडे. मंडईत बाहेर बसली होती, त्याच्यानंतर नाई बसली असन, तर दोन महिने झाले मोजून. लेकरू आहे."

त्या वेळी माझ्या डोक्यात मुनीम, मंडई, पोळा असं काहीच नव्हतं. फक्त लेकरू होतं. मी सकाळी उठून एका पायात चप्पल आणि एका पायात स्लीपर घालून एसटी स्टँडवर गेलो. बसमध्ये बायकोने ते दाखवलं, तेव्हा लाखनी मागे पडली होती.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई चष्मा लावणाऱ्या, थोडक्यात बोलणाऱ्या. पुरुषाने बाहेर बाकावर बसायचं. वहिनी आणि बायको पडद्याच्या आत गेल्या. पडदा पातळ होता, आणि वहिनीचा आवाज धानाच्या बांध्या ओलांडून जाणारा.

"शेवटची पाळी कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मंडईत," वहिनी म्हणाली.

"मी यांना विचारलं."

"थे लाजते. मले पाठ आहे. आमच्या गावच्या मंडईच्या दिवशीच बसली होती बाहेर. घरात पन्नास पाहुणे, अन हे बाहेर. मी कशी विसरीन."

बाकावर बसल्या बसल्या मला मुनीम आठवला. आत थोडा वेळ भांडी वाजली. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "हं. तारखेप्रमाणे अगदी बरोबर आहे. दोन महिने." वहिनी पडदा सारून बाहेर आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पिशवीतून तिळगूळ काढून बाकावरच्या सगळ्या बायकांना वाटायला लागली. तिथे कोणाचे सासरे बसले होते, त्यांनाही दिला.

तेवढ्यात नर्सने मला आत बोलावलं. बायको टेबलावर बसून पदराचं टोक पिळत होती. तिने डॉक्टरीणबाईंना खरं सांगून टाकलं होतं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "यांची पाळी मंडईला आली नव्हती म्हणे. पोळ्याला आली होती."

"होय," मी म्हणालो.

"मग मंडईला काय झालं?"

मी म्हणालो, "नाटक होतं."

त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पोळ्यापासून धरलं तर आज पाच महिन्यांचं हवं. आतून तपासताना हाताला दोन महिन्यांचं लागतं. दोन गोष्टी असू शकतात. एक, गर्भाची वाढ मध्येच थांबली. तसं असेल तर तो ठेवून उपयोग नाही, सफाई करावी लागेल. दुसरी, सुरुवातच उशिरा झाली."

"उशिरा म्हणजे?"

त्यांनी कागदावर एक आडवी रेघ काढली. एका टोकाला टिंब दिलं. "ही पाळी. बहुतेकींचं बीज दोन आठवड्यांनी सुटतं, इथे. पण ज्यांची पाळी लांबते त्यांचं बीजच उशिरा सुटतं. महिन्याने, दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा." त्यांनी रेघेवर बरंच पुढे दुसरं टिंब दिलं. "बीज सुटल्यावरच दिवस जातात. त्याच्या आधीचे सगळे दिवस रिकामे."

"मग आमचं कोणतं?"

"ते आज सांगता येत नाही. तीन-चार आठवड्यांनी या. वाढलेलं लागलं तर वाढतंय. नाही लागलं तर नाही."

आम्ही बाहेर आलो तेव्हा वहिनीचा डबा रिकामा झाला होता, आणि सगळ्या बायका माझ्याकडे पाहून हसत होत्या. आम्हीही हसलो. तिला काय सांगणार? खोट्या तारखेने सगळं ठीक होतं, खऱ्या तारखेने सगळं बिघडलं होतं.

वहिनी दुसऱ्या दिवशी गावी गेली, आणि आमचे वाट पाहायचे दिवस सुरू झाले. मी बी.ए. होतो, तेही इतिहास घेऊन. बीज कधी सुटतं हे आम्हाला कोणत्याही राजवटीत शिकवलेलं नव्हतं. पण मी शेतकऱ्याचा मुलगा होतो, आणि रात्रंदिवस विचार करून मला एक पटलं. मी बायकोला म्हणालो, "हे पाह्य, धानाचं वय कधीपासून धरतात? बी टाकून पऱ्हे केले तवापासून. नांगरणीपासून कोणी धरत नाई. पोळ्याची ती नांगरणी झाली."

ती म्हणाली, "नांगरून ठेवून तीन महिने कोणी बांधावर बसते का?"

"पाऊस नाई आला तर बसतेच ना."

ती हसली. ती हसली की मला वाटायचं पोटातलं ठीक आहे. वेडेपणा होता, पण त्या दिवसांत मी सगळं त्याच मापाने मोजत होतो. तिला भूक लागली तर ठीक, नाही लागली तर अधिकच ठीक, कारण दिवस गेलेल्या बाईला भूक नसते. सगळ्यात खात्रीची गोष्ट म्हणजे उलटी. ती ओकायला लागली की मी मोरीच्या दाराशी तांब्या घेऊन उभा राहायचो, आणि माझा चेहरा असा काही फुललेला असायचा की ती तिथूनच ओरडायची, "तिकडे तोंड करा आधी."

मला एक युक्ती सापडली. लसणाच्या फोडणीचा वास तिला सहन होत नव्हता. मग रोज सकाळी मी स्वतः वरणाला फोडणी द्यायला लागलो. कढईत लसूण पडला की मी कान देऊन उभा. आतून पावलं वाजली, मोरीचं दार वाजलं, की मी समाधानाने झाकण ठेवायचो. चार-पाच दिवसांनी तिच्या लक्षात आलं.

"तुमी मले ओकवाले बसले का?"

"नाई बा. वरण करून राहिलो."

"पाच वर्षांत कधी केलं नाई वरण."

"आता शिकतो."

"मी तुमाले सांगून ठेवतो, लेकरू झाल्यावर त्याले सांगीन. तुया बाप तुले पाहाले लसूण जाळे." आमच्याकडे बायकाही "सांगतो, करतो" म्हणतात, ती रागात असली की फारच म्हणायची.

ऑफिसात मी विनाकारण हसायचो. तळ्यांच्या पाण्याच्या नोंदी तपासताना मध्येच "वाढलं तर वाढतंय" असं मोठ्याने म्हणालो. साहेब म्हणाले, "फेब्रुवारीत कोणतं तळं वाढतंय?" मी म्हणालो, चुकलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तापही नव्हता.

मग एका सकाळी मी फोडणी दिली आणि आतून काही आवाज आला नाही. मी आणखी चार पाकळ्या टाकल्या. धूर झाला. मी आत गेलो तर ती खाटेवर बसली होती, आणि तिने हळूच सांगितलं, "थोडं लागलं मले. रक्त."

फार नव्हतं. कपड्यावर डागाएवढं. पण तोवरचं माझं सगळं हसणं त्या डागापाशी थांबलं. साकोलीच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, पडून राहू द्या, उठू देऊ नका, खाटेच्या पायथ्याला विटा लावा. जास्त गेलं तर लगेच भंडाऱ्याला न्या. मी विटा लावल्या. मग स्टँडवर धावलो आणि सानगडीकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला निरोप दिला, की आमच्या वहिनीला म्हणावं, ये. काय झालं ते सांगितलं नाही. तो जुना माणूस, माझ्या तांदळाच्या पिशव्या त्यानेच आणलेल्या. त्याने विचारलंही नाही.

वहिनी दुपारच्या बसने आली, हातात काही न घेता. वहिनी रिकाम्या हाताने आलेली मी पहिल्यांदा पाहिली. तिने खाटेच्या विटा पाहिल्या, बायकोजवळ बसली, आणि विचारलं, "काय झालं वं?"

बायको सकाळपासून रडली नव्हती. आता रडली. रडता रडता म्हणाली, "बाई, मी पाप केलं. म्हणून देवानं असं केलं."

"कोणतं पाप?"

"मी मंडईत बाहेरची नव्हती. खोटं सांगतलं तुमाले."

मी दाराशी उभा होतो. वहिनीला रागावलेलं मी फार पाहिलेलं नव्हतं. पण जे पाहिलं होतं ते पुरेसं होतं.

मग ती म्हणाली, "म्हणजे तू बाहेरची नव्हतीस."

"नाई."

"अन मी एकटी सकाळपासून कढईपाशी. बाराच्या बारा पायल्या बरबटीचे वडे."

"होय बाई."

"मी तुले वरून ताटात वाढून दिले. म्हटलं, बिचारी, सणाच्या दिवशी बाहेर बसली."

"दोनदा दिले," बायको म्हणाली.

"अन तू काय केलंस?"

"नाटक पाह्यलं. यांचं काम कधी पाह्यलं नव्हतं."

वहिनीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तिच्याकडे. "कसा होता हा?"

बायकोने डोळे पुसले. खरं सांगायचंच असं तिने त्या दिवशी ठरवलेलं होतं. ती म्हणाली, "बेकार. नुसता 'होय मालक, होय मालक' करून राहिला होता. एकदा तर मालक नसतानाच म्हणाला."

वहिनीचे खांदे आधी हलले. मग ती तोंडावर पदर घेऊन अशी हसली की तिला खाट धरावी लागली. बायको रडता रडता हसायला लागली. वहिनी तिला दटावत होती, "हसू नको, पोट हालते," आणि स्वतः थांबत नव्हती. मी दाराशी उभा, माझा अपमान झालेला, आणि इतका आनंदात मी सकाळपासून नव्हतो.

हसणं ओसरल्यावर वहिनी म्हणाली, "पाह्य पोरी, चूल माझी. खोटं माझ्याशी बोललीस. मी राग धरत नाई तर देव मधात कायले पडन? त्याले का दुसरे कामं नाईत?"

मग आम्ही तिला बाकीचंही सांगितलं: पोळा, पाच महिने, दोन महिने, रेघ आणि दोन टिंबं. तिने नीट ऐकलं. "हे मले नाई समजत," ती म्हणाली. "समजते असं म्हटलं तर तुमाले बरं वाटन, पण नाई समजत. डाक्टरीणबाई पाहून सांगन ते खरं. तवपर्यंत हे उठणार नाई, अन तू लसूण जाळणार नाई."

लसणाचं तिला बायकोने केव्हा सांगितलं, मला माहीत नाही.

डाग त्याच संध्याकाळी थांबला आणि पुन्हा दिसला नाही. वहिनी आठवडाभर राहिली. घरात मऊ भात, ताक आणि शांतता असायची. दादाचे निरोप येऊ लागले, की म्हैस दुसऱ्याला दूध देत नाही. तेव्हा ती गेली. जाताना म्हणाली, "काय सांगन थे मले त्याच दिवशी कळव. वाईट असलं तरी. निरोप धाडू नको, पत्र टाक. मी वाचीन."

शिवरात्रीच्या आसपास आम्ही पुन्हा भंडाऱ्याला गेलो. या वेळी मी दोन्ही पायांत सारख्या चपला आहेत ना हे तीनदा पाहिलं. दवाखान्यात तोच बाक. पडद्याआड बायको एकटी गेली. मी पडद्याच्या कापडावरची फुलं मोजत होतो आणि मोजणी सारखी चुकत होती. आतून काहीच ऐकू येईना. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, "पहिलं का?" मी होय म्हणालो, आणि म्हटल्यावर भीती वाटली की आपण जास्त बोललो.

मग आतून बायकोचं हसू आलं. साधं हसू नाही. गुदगुल्या झाल्यावर येतं तसं.

नर्सने बोलवायच्या आधीच मी पडद्यात शिरलो. डॉक्टरीणबाईंनी बायकोचा हात धरून ओटीपोटावर खाली, अगदी खाली, दाबून ठेवला होता. "इथे," त्या तिला सांगत होत्या. "लागतंय का गोल, कडक? मोसंबीएवढं? मागच्या वेळी हे वरून हाताला लागत नव्हतं. आता तीन महिन्यांचं झालं." मला पाहून म्हणाल्या, "वाढतंय. छान वाढतंय. सुरुवातच उशिरा झालेली. यांचं बीज मंडई होऊन गेल्यावर सुटलं."

मी म्हणालो, "नक्की?"

"नक्की. पोळ्यापासूनच धरायचं म्हणाल तर तुमच्या मुलाला पोटात बारा महिने काढावे लागतील. एवढं घोडीच्या पोटात राहतं." त्या पहिल्यांदा हसल्या. "मंडई किती तारखेला होती तुमच्या गावची?"

मी तारीख सांगितली. त्यांनी कार्डावर शेवटच्या पाळीच्या जागी तीच लिहिली. "बीज सुटलं त्याच्या अंदाजे दोन आठवडे आधीची तारीख लागते हिशोबाला, आणि ती नेमकी ही येते. खोटं बोलायचंच होतं तर चांगल्या दिवशी बोललात." आणि पुढच्या बाईला हाक मारली.

बाहेर पडल्यावर आम्ही कुठे चाललोय ते मला कळत नव्हतं. मी स्टँडवर दिसली त्या बसमध्ये बायकोला चढवलं, खिडकीची जागा दिली, आणि तिच्याकडे पाहत बसलो. कंडक्टर आला. "कुठं?"

मी म्हणालो, "तीन महिने."

तो म्हणाला, "भाऊ, कुठं जायचं?"

"साकोली."

"मग तुमसरच्या गाडीत कायले बसले?"

बायको एवढी हसली की पुढच्या सीटवरचे लोक वळून पाहायला लागले. तिला वाटलं होतं मी तिला तुमसरवरून आंबागडला, माहेरी, बातमी सांगायला नेतोय. म्हणून ती काही बोलली नव्हती. कंडक्टरने गावाबाहेर घंटी मारून आम्हाला उतरवलं. रस्त्याच्या कडेला एक आंबा होता, मोहोर आलेला. त्याच्या वासाने ती एकदा ओकली, आणि मी तांब्या नसल्यामुळे नुसताच आनंदाने उभा राहिलो. मग आम्ही हळूहळू चालत, दोनदा बसत, स्टँडवर परत आलो. साकोलीच्या गाडीला वेळ होता. स्टँडजवळच्या पोस्टातून मी अंतर्देशीय घेतलं आणि बाकावर बसून, मांडीवर ठेवून लिहिलं. ती शेजारून वाचत होती आणि मध्ये मध्ये काय लिहा, काय लिहू नका, ते सांगत होती. ते पत्र वहिनीकडे अजून आहे. तिने मला ते उतरवून घेऊ दिलं.

सौ. वहिनीस,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तू स्वतः वाच. हळू वाच. बातमी चांगली आहे.

डॉक्टरीणबाईंनी आज पाहिलं. बाळ वाढत आहे. तीन महिन्यांचं झालं. थांबलेलं नव्हतं, उशिरा आलं होतं. काही बायकांचं तसं असतं, त्यात कोणाची चूक नसते, असं त्या म्हणाल्या. हे मी दोनदा लिहितो, कारण ती मला लिहायला सांगते आहे. कोणाची चूक नसते.

तिने स्वतः हात लावून पाहिलं. मोसंबीएवढं आहे. मला हात लावू दिला नाही, दवाखान्यात लोक होते म्हणते. घरी पाहीन.

डाग पुन्हा लागला नाही. जड उचलायचं नाही आणि पोटभर खायचं, एवढंच सांगितलं. ती खाते, मग ओकते, मग पुन्हा खाते. तू काळजी करू नको.

दिवस श्रावणाच्या शेवटी भरतील. तेव्हा धानाचा रोवणा आटपत आलेला असेल, पण तुझा पाय निघणार नाही हे मला माहीत आहे. तरी तू ये. ती म्हणते, आईला बोलावीन, पण बाई हव्यात. मीही तेच म्हणतो. तू मला शिकायला पाठवलंस तेव्हा दादाला विचारलं नव्हतंस, आताही विचारू नको, पेटी भर आणि बसमध्ये बस. म्हशीचं दादा पाहील.

त्या दिवशी तू आलीस म्हणून आम्ही हे दिवस काढले. तू आली नसतीस तर ती अजून देवाला भीत बसली असती आणि मी तिला भीत बसलो असतो. हे तोंडाने मला सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो.

गाडी लागली. ती म्हणते, पाटी पाहून बसा.

दादाला आजच सांग. गावाला तो सांगेलच.

तुझा,
बाबू